केरेचंच ते

अनुसूया अक्कांनी तीन वर्षं खपून उभा केलेला तळ्याचा काठ मी एका रविवारी सकाळी, पावणेतीन तासांत, चाळीस माणसं हाताशी धरून उपटून टाकला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी अक्कांचं तोंडभर कौतुक करणार आहे आणि ते वाचताना कुणाला असं वाटायला नको, की मी कुणी मोठी निसर्गप्रेमी आहे. मी सुखदा, पुण्याची, कंपनीत नोकरी करणारी, सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकणारी बाई. उत्साह हे माझं जुनं दुखणं आहे.

आम्ही बंगळूरच्या येलहंकाला राहायला आलो त्याला दोन वर्षं झाली. इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून एक तळं आहे. पाटीवर नाव आहे सण्णकेरे. सण्ण म्हणजे लहान आणि केरे म्हणजे तळं, एवढं कन्नड मी पहिल्याच आठवड्यात शिकले होते आणि मला त्याचा अभिमानही होता. पुढे ऐन वेळी त्या अभिमानाचा काडीचा उपयोग झाला नाही.

एका सकाळी मी तळ्याच्या बांधावर फिरत फिरत आईशी फोनवर बोलत होते. गुडघाभर पाण्यात एक बाई वाकून जलपर्णी ओढून काढत होत्या. साडी वर खोचलेली, वरून पुरुषी फुल शर्ट, कमरेला कापडी पिशवी. मी फोन ठेवला तशी कंबर सरळ करून त्यांनी विचारलं, "पुण्याच्या का हो तुम्ही?"

"हो! कसं ओळखलंत?"

"स्वल्प जोरात बोलता."

ही आमची ओळख. अनुसूया अक्का सदुसष्ट वर्षांच्या. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इकडचेच झाले. पुणं अक्कांनी अजून पाहिलेलं नाही. बाहेर कन्नड आणि घरात मराठी, असा त्यांच्या घरातला पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. त्या मराठीत स्वल्प, सरी, अय्यो हे शब्द आपल्याच घरचे असल्यासारखे वावरतात. सुरुवातीला मी एकदोनदा त्यांचं मराठी सुधारायला गेले, तेव्हा त्या "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणाल्या आणि पुढचं वाक्य पुन्हा तस्संच बोलल्या. मराठी मला येतं आणि त्यांना जरा कमी येतं, अशी माझी समजूत होती. ही समजूत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अक्कांनी एकतीस वर्षं टेलिफोनच्या कारखान्यात नोकरी केली. एक्स्चेंजच्या यंत्रात शेकडो रंगीत तारा असतात. त्या खिळे ठोकलेल्या फळीवर क्रमाने ओढायच्या, बांधायच्या, एकेका टोकाला जोडायच्या. हे काम तिथं बायकांकडेच असे. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हा एक पाढा. पांढरा, तांबडा, काळा, पिवळा, जांभळा हा दुसरा. नव्या मुलींकडून तो घोकून घ्यायचं काम अक्कांकडे होतं. "एक तार चुकली की हासनचा फोन हुबळीला वाजणार," त्या सांगायच्या. निवृत्तीच्या दिवशी मैत्रिणींनी गंमत म्हणून त्यांना रंगीत तारांच्या तुकड्यांनी भरलेलं एक पोतं भेट दिलं. ते पोतं पाचेक वर्षं माळ्यावर पडून होतं.

चार वर्षांपूर्वी नात झाली, संहिता. बाळाला वेखंड उगाळून लावायचं म्हणून अक्का आपल्या आईसारख्याच तळ्यावर गेल्या. त्यांची आई सण्णकेरेच्या काठावरून ओलं वेखंड उपटून आणायची. तोडलं की घरभर वास सुटायचा. अक्का गेल्या, तर काठावर वेखंड सोडाच, गवताची काडी नव्हती. यंत्राने गाळ काढताना काठ भिंतीसारखा उभा तासून ठेवला होता. नाल्याचं काळं पाणी सरळ आत पडत होतं. शेवटी बाजारातला वाळका तुकडा आणून त्यांनी वेळ भागवली. पण नातीच्या टाळूवर तो लावताना आपल्याला रडू आलं, असं त्यांनी मला सांगितलं. रडू कशाचं आलं ते त्यांनाही धड सांगता येत नाही.

महिन्याभराने त्या तुमकूरकडच्या एका शेतातून वेखंडाची सात रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून बसने घेऊन आल्या. सातही मेली. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. अक्का मात्र कारखान्यात मशीन बिघडल्यावर शोधावं तसं कारण शोधत बसल्या. पाणी वेगाने येतं आणि घाण घेऊन येतं, हे कारण सापडलं. मग खणणाऱ्या मजुरांच्या मागे लागून त्यांनी नाल्याच्या तोंडाशी एकाखाली एक असे तीन उथळ खळगे करून घेतले. "पाणी पळत येतं हो. त्याला तीन ठिकाणी स्वल्प बसवायचं. बसलं की आपली घाण आपणच खाली ठेवतं." खळग्यांत आणि उतार करून घेतलेल्या काठावर त्यांनी इथलीच झाडं लावली: पायाशी पाणी लागेल तिथं लव्हाळा, त्याच्या वर माती धरून ठेवायला वाळा, चिखलात वेखंड आणि ब्राह्मी, जरा खोल पाण्यात कुमुद. बांधावर करंज आणि जांभळं. पहिल्या वर्षी चतुर आले. दुसऱ्या वर्षी बेडूक इतके ओरडायला लागले, की आमच्या इमारतीतल्या एकाने ग्रुपवर तक्रार टाकली होती. तिसऱ्या वर्षी टिबुकल्यांची एक जोडी आली, लव्हाळ्यात घरटं बांधून राहिली. अक्का हे सगळं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवत.

हे सगळं मला नंतर कळलं. अक्का तळ्यातून काहीतरी काढतात आणि बांधावर झाडं लावतात, एवढंच मी पाहिलं होतं. कुणी मुद्दाम गवत लावत असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

गेल्या मे महिन्यात तळ्यांच्या खात्याचे इंजिनिअर श्रीवत्स येऊन गेले. तळ्याला चारही बाजूंनी दगडी काठ आणि फिरायला फरसबंद वाट, असा आराखडा मंजूर झालेला. म्हणजे अक्कांचा काठ आणि खळगे दगडाखाली जाणार. अक्कांनी त्यांना हाताला धरून सगळा काठ फिरवला. माणूस भला होता, त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अक्का, झाडं चांगली आहेत. पण दगड एकदा बसवला की त्याला बघायला कुणी लागत नाही. याला रोज लागतं. तुम्ही एकट्या. उद्या तुम्हाला बरं नसलं तर कोण?" जुलैच्या पहिल्या गुरुवारी परत येतो, तेव्हा हा काठ माती धरून उभा दिसला तर एवढा भाग सोडून बाकीच्याला दगड लावू, असं ठरलं.

आणि जूनमध्ये माझा उत्साह उफाळला. पर्यावरणाचा महिना, तेव्हा इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून तळं स्वच्छ करायचं. हातमोजे आले, टोप्या आल्या, बॅनर छापून आला. शनिवारी संध्याकाळी मला वाटलं, अक्कांना विचारून घ्यावं. त्या तुमकूरला आणखी वेखंड आणायला गेल्या होत्या, बसमध्ये होत्या.

"अक्का, उद्या आम्ही चाळीस जण तळं साफ करतोय!"

"बरं झालं हो! ती जलपर्णी तेवढी काढा."

"आणि काठावर ते गवतासारखं माजलंय, त्याचं काय करायचं?"

मध्येच बसचा हॉर्न वाजला. मग अक्कांचा आवाज आला, "ते सगळं केरेचंच की हो! विचारायचं काय त्यात!" आणि फोन कटला.

केरेचंच. तळ्याचंच आहे ते, त्याला हात कशाला लावायचा, असं त्या म्हणाल्या. पाटीवर मी रोज वाचत होते तोच शब्द. पण तो मराठी वाक्यात आला आणि माझ्या पुणेरी कानाने तो ओळखलाच नाही. मी ऐकलं: केराचंच. केरकचऱ्याचंच आहे ते, काढून टाका, विचारता काय. मला तर मनातून बरंच वाटलं, की अक्कांचं आणि माझं किती जुळतं.

रविवारी आम्ही तुटून पडलो. त्या गवतात जागोजागी प्लास्टिकच्या रंगीत तारा गुंतलेल्या दिसल्या, म्हटल्यावर तर केर असल्याची खात्रीच पटली. "बघा, लोक तळ्यात काय काय टाकतात!" असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा. चाळीस माणसं, सव्वाशे फूट काठ. साडेनऊला सगळं लख्ख झालं. मी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून जिथं जिथं टाकता येईल तिथं टाकला. टिबुकल्या पाण्याच्या मधोमध नुसत्या तरंगत होत्या. त्या फोटोतही आल्या आहेत. तेव्हा मला त्या शोभेच्या वाटल्या.

सोमवारी सकाळी अक्का खांद्यावर ओलं पोतं घेऊन बांधावर उभ्या होत्या. मी हसतच खाली गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उघड्या काठावरून माती थोडी थोडी पाण्यात ओघळत होती, ती पाहत होत्या. मग खाली बसल्या आणि एकच विचारलं, "तारा कुठं टाकल्या?"

मला काही उमगेना. हळूहळू, एकेक प्रश्न विचारत, आम्ही दोघी त्या फोनवरच्या वाक्यापर्यंत आलो.

"मी केरेचं म्हणाले," अक्का म्हणाल्या.

"मी केराचं ऐकलं."

अक्कांनी खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अय्यो देवा. साडेतीनशे वर्षं घरात मराठी सांभाळली आम्ही, ती याच्यासाठी?" आणि त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होत्या. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर फार बरं झालं असतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तीही अशा बाईपुढे, जिचं मराठी मी सुधारायला निघाले होते.

उपटलेला माल ओला कचरा घेणाऱ्या केंद्रावर गेला होता. आम्ही रिक्षा करून तिथं पोचलो. तिथं काम करणाऱ्या यल्लव्वा माझ्यावर उखडल्याच. ओल्या कचऱ्यात प्लास्टिकच्या तारा मिसळून पाठवता, शिकलेली माणसं ना तुम्ही? तारा होत्या म्हणून त्यांनी तो ढीग यंत्रात घातलाच नव्हता. परत पाठवायचा म्हणून बाजूला सारून, वर ओलं गोणपाट टाकून ठेवला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी शिव्या आनंदाने खाल्ल्या. अक्कांनी ढिगात हात घातला, एक गड्डा उचलून मुळं चिमटीत दाबून पाहिली. "जिवंत आहे," त्या म्हणाल्या. मग शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि त्यांचा आवाज एकदम कारखान्यातला झाला. "बोलवा सगळ्यांना. ज्यांनी उपटलं त्यांनीच."

त्या संध्याकाळी आमच्या बॅडमिंटनच्या कोर्टावर सगळा ढीग पसरला गेला आणि मला तारांचं कोडं सुटलं. प्रत्येक गड्ड्याला दोन तारा पिळून बांधलेल्या होत्या. एक तार जातीची: निळी लव्हाळ्याची, नारिंगी वाळ्याची, हिरवी वेखंडाची, तपकिरी ब्राह्मीची, राखाडी कुमुदाची. दुसरी जागेची: अक्कांनी काठाचे पाच तुकडे पाडले होते आणि नाल्यापासून क्रमाने त्यांना पांढरा, तांबडा, काळा, पिवळा, जांभळा असे रंग दिले होते. कुठला गड्डा कुठून निघाला, ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं होतं. आमच्यात बड्या बड्या कंपन्यांचे डेटाबेस सांभाळणारे लोक आहेत. ते त्या तारांकडे बघतच राहिले.

अक्कांनी सगळ्यांकडून पाढा म्हणून घेतला. वाढलेल्या पोटांची, जाड चष्म्यांची माणसं कोर्टावर ओळीने बसून "निळा, नारिंगी, हिरवा" म्हणत गड्डे वेगळे करत होती. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून लावणी. गुडघाभर चिखल, पाठीचे तुकडे. सहाव्या मजल्यावरचा हरी, जो लिफ्टमध्येही कुणाशी बोलत नाही, त्याने लव्हाळा वाळ्याच्या जागी लावला. अक्कांनी तो उपटून त्याच्या हातात दिला. "हासनचा फोन हुबळीला लावलात." तो खो खो हसला आणि त्या दिवसापासून रोज यायला लागला.

लावून झालं म्हणजे झालं असं नव्हतं. पहिल्याच मोठ्या सरीत पांढऱ्या तुकड्यातले गड्डे तरंगत निघून गेले; ते गोळा करून दगड बांधून पुन्हा रोवले. ब्राह्मी निम्मी सडली. वेखंड पिवळं पडलं, तेव्हा अक्कांनी तुमकूरहून आणलेलं त्यात भरलं. फाटकावर पाळ्यांचा कागद चिकटवला होता, रोज सकाळी सहा जण. पाळी चुकवली तर अक्का काही बोलत नसत. फक्त दुसऱ्या दिवशी "काल बरं नव्हतं का?" असं इतक्या काळजीने विचारत, की पुन्हा पाळी चुकवायची हिंमत होत नसे.

जुलैचा पहिला गुरुवार उजाडला. काठ केविलवाणा दिसत होता. कुठं वीतभर पालवी, कुठं नुसते बुंधे, मधे मधे टक्कल. मी रात्रभर खपून वीस स्लाइडचं सादरीकरण केलं होतं. श्रीवत्सांनी ते पाहिलं नाही. त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला आणि मलाच एक फोटो दाखवला. मी टाकलेला, आधीचा आणि नंतरचा. फिरत फिरत तो त्यांच्यापर्यंत पोचला होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"अक्का," ते शांतपणे म्हणाले, "मी मे महिन्यात हेच म्हणालो होतो. तुम्ही दोन दिवस गावाला गेलात आणि काठ गेला. याला बघणारं कोण?"

त्यांचं चुकत नव्हतं. अक्कांना हरवणारं उत्तर त्यांच्या हातात मीच दिलं होतं. त्या आता काय बोलणार म्हणून आम्ही सगळे जीव मुठीत धरून उभे होतो. ऑफिसची वेळ टळून गेली होती, तरी तीसेक जण होतो.

अक्का काठावरून दोन पावलं मागे सरल्या. "मला नका विचारू," त्या म्हणाल्या. "त्यांना विचारा."

श्रीवत्सांनी एका गड्ड्याकडे बोट दाखवलं. हरी म्हणाला, "नारिंगी-काळी. वाळा, तिसरा तुकडा, पाण्याच्या रेषेच्या वर वीतभर." त्यांनी दुसऱ्याकडे दाखवलं. मागून कुणीतरी सांगितलं, "निळी-पिवळी. लव्हाळा. पायाशी पाणी पाहिजे त्याला, जरा वर गेलाय, आज खाली घेतो." ते काठाने चालत निघाले, बोट दाखवत, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या तोंडून उत्तर येत गेलं. पुढे एका गड्ड्याच्या तारा गळून पडल्या होत्या. तिथं ते थांबले. "याचं काय?"

मी अक्कांकडे पाहिलं. त्या पाण्याकडे पाहत होत्या. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची सिद्धी, जिला जूनमध्ये गवत आणि कोथिंबीर यांतला फरक सांगावा लागला असता, चिखलात उतरली. तिने पान बोटांत चुरडून नाकाशी धरलं. "वेखंड," ती म्हणाली. "वास घेऊन बघा ना."

श्रीवत्सांनी वास घेतला. मग वाकून तो गड्डा मुठीत धरला आणि ओढला. पान तुटून हातात आलं, गड्डा हलला नाही. मग बगलेतली आराखड्याची गुंडाळी उघडून त्यांनी आमच्या सव्वाशे फुटांवर पेनाने एक आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. "एवढा काठ कच्चाच राहील," ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या नाहीत. कुणाला सुचलंच नाही. हरीने चष्मा काढून पुसला आणि परत घालायचं विसरला. मी रडत होते, ते मला मागाहून सिद्धीने सांगितलं.

जीपकडे जाताना श्रीवत्सांनी आमच्या चिखलाने माखलेल्या ओळीकडे पाहत अक्कांना कन्नडमध्ये विचारलं, ही सगळी कोण माणसं? अक्कांनी त्यांना एका शब्दात उत्तर दिलं, "केरेयवरु." मग माझ्याकडे वळल्या आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, आपल्या मराठीत म्हणाल्या, "केरेचीच ही, म्हटलं मी. नीट ऐकलंत ना, सुखदा?"

"ऐकलं, अक्का."